गोफर सुरू करताय? मग एवढं आधी करा

गोफर म्हणजे मेन्यू आणि मजकूर वाचण्याची वेबसारखीच, पण जुनी आणि साधी पद्धत. नेटकॅटने (सर्व्हरशी थेट बोलू देणारी टर्मिनलमधली आज्ञा) सर्व्हरच्या ७० नंबर पोर्टला जोडा, रिकामी ओळ पाठवा, मेन्यू हातात येतो. ओळीचा शेवट मात्र सीआर-एलएफ (ओळ संपल्याची दोन अदृश्य चिन्हं) हवा. नुसता एलएफ काही सर्व्हर चालवून घेतात, काही गप्प बसतात.

मेन्यूची ओळ अशी: पहिलं अक्षर प्रकाराचं (० मजकूर, १ मेन्यू), लगेच शीर्षक, मग सिलेक्टर (सर्व्हरवरचा त्या मजकुराचा पत्ता), होस्ट (सर्व्हरचं नाव), पोर्ट. मध्ये खरे टॅब. एडिटर टॅबच्या जागी स्पेस घालत असेल तर तो पर्याय आधी बंद करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मराठी मजकूर यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवण्याची प्रमाण पद्धत) मध्येच ठेवा. तरी गोफर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते, कळवत नाही, त्यामुळे जुन्या क्लायंटवर (वाचकाच्या प्रोग्रामवर) अक्षरांचा चुराडा होऊ शकतो.

आता तडजोडीचं. गोफरवर सगळं उघडं जातं. कोण काय वाचतंय हे इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसतं, त्याच्यामार्फत सरकारलाही दिसू शकतं. साधेपणाच्या हट्टापायी आंदोलनाचं साहित्य तिथे ठेवणं म्हणजे वाचकाच्या जिवावर आपलं तत्त्व जपणं. मला ते मान्य नाही. असं लेखन जेमिनीवर (गोफरसारखीच, पण नवी पद्धत) न्या: पोर्ट १९६५, टीएलएस (मजकूर सांकेतिक करून पाठवणं) सक्तीचं. तरी सर्व्हरचं नाव हँडशेकमध्ये (जोडणी सुरू होतानाच्या देवाणघेवाणीत) उघडंच असतं, हे वाचकांना स्पष्ट सांगा. प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी फाइल) स्वतः सही केलेलं, लांब मुदतीचं करा आणि त्याच्या गुप्त किल्लीची प्रत वेगळी ठेवा. वाचकाचा क्लायंट पहिल्यांदा दिसलेलं प्रमाणपत्र लक्षात ठेवतो; किल्ली हरवून नवं प्रमाणपत्र लावलंत तर जुन्या वाचकाला इशारा दिसेल, आणि मध्ये कुणी बसलंय की तुम्हीच बदललंत हे त्याला ओळखता येणार नाही.