बढती घेतली तर हातात कमी पगार येईल का?

पगार वाढला की आपण वरच्या स्लॅबमध्ये, म्हणजे जास्त दराच्या करटप्प्यात, जातो आणि मग सगळ्याच पगारावर जास्त दराने कर बसतो, ही समजूत घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी पुष्कळ जण येतात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक गृहस्थ तर याच भीतीपोटी बढती नाकारायला निघाले होते. त्यांचा वार्षिक पगार १२ लाख ६० हजार रुपये होता आणि बढतीनंतर तो १४ लाख १० हजार होणार होता. त्यांनी १५ टक्क्यांचा दर संपूर्ण करपात्र उत्पन्नाला लावला होता, त्यामुळे दीड लाखाच्या वाढीपायी दोन लाखांचा कर भरावा लागेल, असे त्यांच्या कागदावर दिसत होते. त्यांच्या पत्नीने मात्र महिन्याला साडेबारा हजार वाढणार असे धरून गाडीच्या कर्जाचा हप्ताही मनात नक्की केला होता.

आम्ही आधी कराचा हिशेब मांडला. पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळणारी) गेल्यावर १३ लाख ३५ हजार करपात्र राहतात. नव्या करप्रणालीच्या एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्क्यांनी २० हजार, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार, आणि १५ टक्के दर लागतो तो फक्त १२ लाखांवरच्या १ लाख ३५ हजारांना, म्हणजे २०,२५०. एकूण ८०,२५० आणि त्यावर ४ टक्के उपकर (सेस) धरून कर झाला ८३,४६० रुपये.

"पण साहेब, आत्तापर्यंत तर एक रुपयाही कर नव्हता," असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर नव्या प्रणालीत मिळणारी सूट सगळा कर माफ करते. ती रेषा ओलांडली की ही माफी जाते आणि खालच्या टप्प्यांचे साठ हजारही भरावे लागतात. रेषेच्या किंचित वर असणाऱ्यांना सीमांत सवलत मिळते, म्हणजे १२ लाखांच्या वर जितके उत्पन्न असेल त्यापेक्षा जास्त कर, उपकर वगळता, घेतला जात नाही. त्यामुळे पगारदाराचा वार्षिक पगार, ७५ हजारांची वजावट जाण्याआधी, पावणेतेरा लाखांपासून साधारण १३ लाख ४५ हजारांपर्यंत असेल, तर त्या पट्ट्यात वाढलेला सगळा पैसा करातच जातो, आणि उपकरामुळे थोडा जास्तच. लोकांची भीती एवढ्या एका अरुंद पट्ट्यापुरती खरी आहे, आणि हे त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे, असे मला वाटते. या गृहस्थांचा पगार तो पट्टा ओलांडून पुढे जात होता.

वजावटी घेता येणाऱ्या जुन्या प्रणालीत गृहकर्जाचे दोन लाख व्याज, करसवलतीच्या बचतीचे दीड लाख आणि आरोग्यविम्याचे २५ हजार धरूनही कर १ लाख १३ हजारांच्या पुढे जात होता, म्हणजे नवी प्रणालीच फायद्याची होती. त्यामुळे 'कर वाचवायला' एका एजंटाने सुचवलेल्या नव्या पॉलिसीचा विषय तिथेच संपला.

मग मी त्यांच्या पत्नीला म्हटले, "ताई, आता तुमची वही काढा." महिन्याच्या साडेबारा हजार वाढीतून कराचे ६,९५५ आणि वाढलेल्या मूळ वेतनावरचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा ७५० रुपये वजा केल्यावर हाती येत होते ४,७९५. वहीत किराणा, दूध, गॅस, गृहकर्जाचा हप्ता असे सगळे नीट लिहिलेले होते, पण मुलांची वर्षाची फी ८४ हजार, आरोग्यविमा ३० हजार, दोन्ही दुचाकींचा विमा ६ हजार आणि गणपती-दिवाळीचे ३६ हजार कुठल्याच महिन्यात धरलेले नव्हते. वर्षाचे हे १ लाख ५६ हजार बाराने भागले तर दरमहा १३ हजार होतात. दर जूनमध्ये क्रेडिट कार्डावर फी भरून दिवाळीपर्यंत व्याज फेडत बसण्याचे कारण तिथे सापडले, आणि ताई स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे गाडीचा हप्ता आत्ता झेपणारच नाही."

गृहस्थांनी बढती स्वीकारली. वाढीचे ४,७९५ आणि वहीप्रमाणे आधीपासून दरमहा शिल्लक पडणारे आठ हजार असे मिळून त्यांनी बँकेत १२,८०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम वळती होईल अशी सूचना बँकेला दिली आणि गाडीचा विचार पुढच्या वर्षीची फी रोखीने भरून झाल्यावर करायचे ठरवले.