मारुती ८०० चा काटा ६० वर थरथरतो आणि जीपीएसवर वेग वेगळा दिसतो. मीटर बदलू का?

लगेच नको, आधी गिअरबॉक्सकडून मीटरपर्यंत येणारी, काटा फिरवणारी केबल बघा. काटा थरथरतो तो बहुतेक वेळा कोरड्या किंवा मुरडलेल्या केबलमुळे. मीटरमागून केबल सोडवून आतली तार ओढून घ्या, रॉकेलने पुसा आणि सपाट टेबलावर लोळवा. उड्या मारत लोळली तर मुरडली आहे, नवीनच टाका. चांगली असेल तर ग्रीसचा पातळ हात द्या, पण मीटरकडचे १५ सेंमी कोरडे ठेवा. नाहीतर ग्रीस वर चढून मीटरात जातं.

थरथर गेली, तरी फरक उरला? टायरवरचा आकडा वाचा. मूळच्या १४५/७० आर १२ ऐवजी जास्त उंचीचा १४५/८० असेल तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या पुढे असते. मीटरात मोजलेले किलोमीटर बरोबर आणि फक्त काटा चुकत असेल, तरच मीटरवाल्याकडे जा.