आपल्याच भागात घडणारी रहस्यकादंबरी वाचताना लेखकाच्या चुकाच दिसत राहतात. मजा कशी घ्यावी?

हा रोग मलाही होता. ‘हा रस्ता तिकडे जातच नाही’, ‘दहा मिनिटांत तिथे कोण पोचतो!’ असं पुटपुटत मी निम्मं पुस्तक संपवायचो. एकदा मात्र सपशेल तोंडावर आपटलो.

आमच्याच भागातल्या खुनाची कादंबरी होती. त्यातला एक साळसूद गृहस्थ सांगतो, ‘खून झाला तेव्हा मी घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो होतो, समोर सूर्य नदीत बुडत होता.’ तो घाट माझ्या पायाखालचा. तिथे सूर्य समोर उगवतो. मावळतो तो पाठीमागच्या टेकडीआड. मी पेन्सिलीने समासात लिहिलं, ‘लेखक इथे कधी फिरकलेलाच नाही.’ पुढे दीडशे पानांनी इन्स्पेक्टरने त्या गृहस्थाला नेमकं ह्याच वाक्यावर पकडलं. आयता हातात आलेला धागा मी लेखकाची चूक म्हणून फेकून दिला होता!

मग चिडून मागची पानं चाळली. बाहेरच्या वाचकाला हे कळणार कसं? तर दुसऱ्याच प्रकरणात, जाता जाता, ह्या घाटावर सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं असं लिहिलेलं. रोनाल्ड नॉक्स ह्या इंग्रज रहस्यकथालेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला एक असा की गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. लेखकाने तो पाळला होता. माहितगारीच्या तोऱ्यात मीच गाफील राहिलो.

तेव्हापासून काही खटकलं की नुसती खूण करतो, निकाल देत नाही. आणि वाक्य कुणाच्या तोंडी आहे ते बघतो. निवेदनात अंतर चुकलं तर बहुधा लेखकाचीच गफलत. पात्राने चुकवलं तर कान टवकारायचे. (निवेदक ‘मी’ असेल तर तोही पात्रच, हे विसरू नका.)

एखादं घर किंवा गल्ली शोधूनही सापडली नाही तर लेखकाला नावं ठेवू नका. खऱ्या घरात प्रेत टाकलं तर तिथे राहणाऱ्यांना काय वाटेल? शेरलॉक होम्सचा पत्ता २२१ बी, बेकर स्ट्रीट. पण त्या कथा लिहिल्या गेल्या तेव्हा तिथले घरक्रमांक २२१ पर्यंत पोचलेच नव्हते.

नकाशा तपासायचाच असेल तर पुस्तक संपल्यावर तपासा. मी एकदा घड्याळ लावून खुन्याच्या वाटेने चालत गेलो. त्याला बारा मिनिटं लागली होती, मला एकोणीस. अर्थात, त्याला घाई होती.