ऑथरायझरच्या चॅलेंजला बसताना

अरे, ऑथरायझर म्हणजे खात्यावर आलेला व्यवहार मंजूर की नामंजूर ते ठरवणारा प्रोग्राम, आणि या कोडिंगच्या चॅलेंजमध्ये तोच लिहायचा असतो. कोड उघडायच्या आधी कागदावर मांड. खात्यात १०० रुपये. ८० चा व्यवहार आला, मंजूर. मग ३० चा आला, नामंजूर, आणि शिल्लक २०च. नाकारलेल्या व्यवहारानं शिल्लक हलता कामा नये. मी पहिल्यांदा तिथंच आपटलो होतो.

रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या प्रकारात, ठेवू नकोस, त्यात ०.१ अधिक ०.२ नेमकं ०.३ येत नाही. रुपयांचे पैसे (रुपयाला शंभर) करून पूर्णांक वापर.

'दोन मिनिटांत तीनच व्यवहार' असा नियम असेल तर वेळ त्या व्यवहाराच्या ओळीतली घे, मशीनच्या घड्याळाची नको. नाहीतर सात रस्ता चौकात चहा पिऊन येईपर्यंत टेस्टचा निकाल बदललेला असतो! डेटाबेस कशाला? मेमरीतला मॅप, म्हणजे नावावरून किंमत शोधून देणारी यादी, पुरे. अडलास तर रविवारी घरी ये, लॅपटॉप घेऊन.