आरसी तुमच्या नावावर, तरी गाडी कस्टम्सच्या यादीत

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. एप्रिल 2023 मध्ये कोल्हापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून टोयोटा प्राडो घेतली. किंमत 21 लाख ठरली. 15 लाख आरटीजीएसने दिले, 6 लाख रोख. गाडीचं पहिलं पासिंग हिमाचलचं. आरसीवर उत्पादन वर्ष 2012 आणि पहिली नोंदणी 2019. विक्रेता म्हणाला, लष्कराच्या लिलावातली आहे, म्हणून नोंदणी उशिरा. तिकडून एनओसी आली, इथे टॅक्स भरला, एमएच 10 नंबर मिळाला, विमाही चालू आहे. आता परराज्यातल्या कस्टम्स कार्यालयाकडून कलम 108 चं समन्स आलंय. ही गाडी भूतानमार्गे चोरून आणल्याचा त्यांना संशय आहे. मेहुणे म्हणतात, जाऊ नका, गाडी विकून मोकळे व्हा. मॅडम, आरसी माझ्या नावावर असताना गाडी जाऊ शकते का? मला अटक होईल का?

उत्तर: मेहुण्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवा, कारण तोच सगळ्यात महागात पडेल. समन्स हातात पडेपर्यंत तुम्ही 'मला काही माहीत नव्हतं' असं छातीठोकपणे म्हणू शकत होता, आणि आजही म्हणू शकता. समन्स वाचल्यावर गाडी विकलीत, लपवलीत किंवा नंबर प्लेट बदललीत, तर ते वाक्य तुमच्या तोंडात टिकणार नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम 112 (ब) खालचा दंड आणि कलम 135 खालचा खटला, दोन्ही ज्याच्या ताब्यात माल आहे त्याला काय माहीत होतं किंवा कशावरून कळायला हवं होतं यावर उभे राहतात. आज गाडी विकणं म्हणजे तो पुरावा आपल्या हातानं लिहून देणं. शिवाय उद्याचा खरेदीदार तुमच्याच दारात येईल तो वेगळाच.

आता मूळ प्रश्न. हो, आरसी असूनही गाडी जाऊ शकते. आरटीओची नोंदणी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगी आणि मालक म्हणून तुमची नोंद. गाडी देशात रीतसर आली की नाही, याचा निवाडा आरटीओ करत नाही. जप्तीची कारवाई गाडीवर असते, माणसावर नाही. माल कायदा मोडून आत आला असेल तर तो चौथ्या हातात गेला म्हणून शुद्ध होत नाही. मात्र तुमच्यावरची कारवाई हा स्वतंत्र प्रश्न आहे. तुमचं अर्धं काम या दोन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवण्यात आहे, कारण अधिकारी बोलता बोलता त्या एकत्र करतात आणि घाबरलेला माणूस मान डोलावतो.

संशय का आला, तो तुमच्या आरसीतच छापलेला आहे. परदेशात वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि ती मुंबई बंदराच्या कस्टम्समधूनच यायला हवी. त्यावर बेसिक ड्युटी, म्हणजे मूळ आयात कर, अनेक वर्षं 125 टक्के होती, बाकीचे कर वेगळे. म्हणून सरळ मार्गानं जुनी विदेशी एसयूव्ही आणणं जवळपास कुणालाच परवडत नाही, आणि आडमार्गाला गिऱ्हाईक मिळतं. भूतानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच उजव्या स्टिअरिंगच्या. जयगाव आणि फुन्शोलिंग ही सीमेवरची गावं एकमेकांना चिकटलेली, रोजची ये-जा. पण भूतानशी मुक्त व्यापार आहे म्हणून तिथे फिरलेली जपानी गाडी इकडे करमुक्त होत नाही, आणि जयगावच्या चौकीतून वापरलेली गाडी आयातही करता येत नाही. 2012 ची प्राडो 2019 मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, तर मधली सात वर्षं ती कुठे होती, हा प्रश्न कुणीही विचारेल. तुम्हीही तेव्हा विचारायला हवा होता, पण ते असो.

सप्टेंबर 2025 मध्ये कोचीच्या कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' या नावाने केरळभर छापे घातले. मल्याळम चित्रपटांतल्या नामवंत नटांच्या घरीही अधिकारी गेले आणि लँड क्रूझर, डिफेंडर अशा गाड्या उचलल्या. भूतानमधून आलेल्या गाड्यांना लष्कराची आणि वकिलातींची खोटी कागदपत्रं लावून हिमाचल, अरुणाचल अशा राज्यांत नोंदणी केली, असा कस्टम्सचा आरोप आहे. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण तुमच्या विक्रेत्याची लिलावाची कहाणी त्या नमुन्याशी जुळते, हे तुम्हालाही दिसतंय.

म्हणून समन्सच्या तारखेआधी स्वतःची फाइल उभी करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 47 सांगतो की आयात गाडी नोंदवताना कस्टम्स क्लिअरन्सचं प्रमाणपत्र लागतं, आणि लष्कराची जुनी गाडी असेल तर संबंधित अधिकाऱ्याने दिलेला मूळ फॉर्म 21, म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र. म्हणजे हिमाचलच्या ज्या कार्यालयात पहिलं पासिंग झालं तिथल्या फाइलमध्ये या दोहोंपैकी एक कागद असायलाच हवा. त्या फाइलच्या प्रमाणित प्रतीसाठी आजच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांची मुदत आहे, समन्सच्या तारखेआधी प्रत येणार नाही, पण अर्जाची पोच तुमच्या प्रामाणिकपणाचा कागद ठरते. फॉर्म 21 निघाला तर त्यावरच्या लष्करी डेपोला लिलावाचा लॉट क्रमांक देऊन स्पीड पोस्टाने विचारा. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद, निघालं तर त्याचा क्रमांक, तारीख आणि बंदर कस्टम्सच्या आइसगेट या संकेतस्थळावर ताडून पाहता येतं.

चेसिस नंबरही बघा. भारतात अधिकृतपणे विकलेल्या प्राडोचा नंबर 17 अक्षरांचा असतो. जपानच्या घरच्या बाजारासाठी बनलेल्या टोयोटावर तसा नसतो. तिथे आधी मॉडेलचं सांकेतिक नाव, उदाहरणार्थ टीआरजे150, मग आडवी रेघ, मग सात आकडे. तुमच्या आरसीवर असा आखूड नंबर असेल तर गाडी भारतातल्या शोरूममधून निघालेली नाही, हे जवळपास नक्की. आणि आरसीवर 17 अक्षरं असून चेसिसवर कोरलेला नंबर वेगळा असेल तर प्रकरण त्याहून गंभीर. मेकॅनिकला बोलावून नंबर फक्त बघा, फोटो काढा, पेन्सिलचा ठसा कागदावर घ्या. पासिंगच्या फाइलमधल्या ठशाशी तो ताडता येईल. घासणं, रंग मारणं, पॉलिश काहीही नको.

समन्सला जायचंच. कलम 108 खाली स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत, अधिकारी सांगेल तसं हजर राहावं लागतं. न जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि तिथल्या जबाबाला हलकं समजू नका. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असतं. कस्टम्स अधिकारी मात्र कायद्याने पोलीस नव्हेत, त्यांच्यापुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून चालतो आणि नंतर फिरवणं फार अवघड जातं. जबाब मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहितो असं सांगा. माहीत आहे तेवढंच लिहा. 'माहीत नाही' हे पूर्ण उत्तर आहे. 'गाडी भूतानची असेलही' असं शिष्टाचारापोटीसुद्धा लिहू नका, ते तुम्हाला कुठून माहीत? वकील शेजारी बसून उत्तरं देऊ शकत नाही, पण नजरेच्या टप्प्यात आणि ऐकू न येण्याइतक्या अंतरावर बसण्याची मुभा न्यायालयांनी वेळोवेळी दिली आहे. ती लेखी मागा.

सहा लाख रोख दिल्याचं लपवू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याबद्दल आयकर कायद्यात दंड आहे तो घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. तुम्हाला फक्त पैसा कुठला हे दाखवायचंय. बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, बँकेतून रक्कम काढल्याची नोंद, जे असेल ते जोडा. उलट पूर्ण बाजारभाव मोजल्याचं सिद्ध होणं तुमच्या फायद्याचं आहे. चोरीचा माल आहे हे ज्याला माहीत असतं तो 21 लाख मोजत नाही.

अटकेबद्दल: पैसे बँकेतून गेलेत, टॅक्स भरलाय, नोंदणी उघडपणे स्वतःच्या नावावर केलीय आणि समन्सला हजर होताय, अशा खरेदीदाराला अटक होण्याची शक्यता मला कमी वाटते. ती वाढवण्याचे मार्ग फक्त मेहुण्यांकडे आहेत.

गाडी जप्त होईल, असं धरून चला. कधी ती त्यांच्या यार्डात नेतात, कधी हलवू नका, विकू नका असा लेखी आदेश देऊन तुमच्याच अंगणात ठेवतात. पंचनाम्याची प्रत घ्या, किलोमीटरचा आकडा आणि टायरची अवस्था त्यात लिहून घ्या. जप्तीपासून सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. वरिष्ठांनी सकारण लेखी आदेश दिला तर आणखी सहा महिने मिळतात. तेवढ्यात नोटीस आली नाही तर गाडी परत करावी लागते. दरम्यान कलम 110 अ खाली बंधपत्र आणि बहुधा बँक गॅरंटी देऊन गाडी तात्पुरती सोडवता येते. ऑक्टोबर 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याच छाप्यांतल्या एका नटाला हाच अर्ज करायला सांगितलं होतं. पण यात एक मेख आहे. तात्पुरत्या सुटकेचा आदेश झाला की सहा महिन्यांच्या मुदतीचा फायदा जातो. उन्हापावसात यार्डात सडणारी गाडी की मुदतीचं हत्यार, हे तुमच्या वकिलाबरोबर बसून ठरवा. तुमच्या आरसीवरच्या तारखा बघता मी मुदतीच्या भरवशावर बसणार नाही.

शेवटी गाडी सरकारजमा ठरली तर कलम 125 खाली दंड भरून ती सोडवण्याचा पर्याय असतो. आयातीच्या अटी मोडून आलेला माल 'निषिद्ध' धरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच सांगितलंय, आणि निषिद्ध मालाच्या बाबतीत हा पर्याय द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. ड्युटीचं म्हणाल, तर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशातून आलेल्या एका पोर्शच्या प्रकरणात नंतरच्या खरेदीदाराला आयातदार मानून त्याच्याकडून ड्युटी मागता येणार नाही असा निकाल दिला. तुमच्या वकिलाने तो हाताशी ठेवावाच. मात्र त्या गाडीची आयात कागदोपत्री झाली होती, वाद खोट्या माहितीचा होता. तुमच्या गाडीचा आयातीचा कागदच नसेल तर विभाग हा फरक पुढे करेल. आणि तो निकाल ड्युटीपासून वाचवतो, गाडी वाचवेलच असं नाही.

दंड भरून सोडवलेली गाडीही लगेच रस्त्यावर येत नाही. खोट्या कागदांवर झालेली नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली रद्द होते. ती रद्द झाली की विमा कंपनीही हात वर करायला मोकळी. तेव्हा बँक गॅरंटी, दंड, वकील आणि परराज्यातल्या खेपा यांचा हिशेब वहीत मांडा. माझं स्पष्ट मत असं, की तेरा-चौदा वर्षांच्या प्राडोसाठी आणखी आठ-दहा लाख घालू नयेत. लढाई स्वतःवरचा दंड टाळण्यासाठी आणि पैसे परत मिळवण्यासाठी लढा.

पैशांचा मार्ग विक्रेत्याकडे जातो. मालविक्री कायद्याचं कलम 14 सांगतं की विकण्याचा हक्क आपल्याला आहे आणि खरेदीदाराला माल निर्वेध वापरता येईल, हे विक्रेत्याने न लिहिताही गृहीत असतं. तो धंद्याने विक्रेता असल्यामुळे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते. दोन वर्षांची मुदत फसवणूक कळल्यापासून धरावी असा युक्तिवाद करता येतो. दिवाणी दाव्याला तीन वर्षं असतात, तिथेही फसवणूक उघड झाल्यापासून मुदत मोजण्याची तरतूद आहे, पण त्या वादात पडायचंच कशाला? खरेदीला तीन वर्षं होण्याआधी, म्हणजे एप्रिल 2026 च्या आत दाखल करा. व्यवहार जुलै 2024 च्या आधीचा असल्यामुळे फौजदारी तक्रार जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 420 खाली होईल. त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, विशेषतः 'मिलिटरी ऑक्शनची गाडी आहे' हा मेसेज, ज्या फोनमध्ये आहे तो फोन बदलू नका, विकू नका.

विक्रेत्याला नोटीस समन्सच्या तारखेआधी पाठवा, पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने. जबाबासोबत त्या नोटिशीची प्रत आणि माहिती अधिकाराच्या अर्जाची पोच जोडता येईल. समन्सची तारीख छाटणीत किंवा मालाच्या काढणीत अडकत असेल तर समन्सवर दिलेल्या ईमेलवर कारण लिहून पुढची तारीख मागा आणि तो ईमेल छापून ठेवा. फोनवर मिळालेल्या होकारावर विसंबू नका.