स्ट्राविन्स्कीच्या सुधारित आवृत्त्या केवळ कॉपीराइटसाठी होत्या का, आणि त्यांपैकी कोणती ऐकावी?

आपण विचारले आहे की, रशियन संगीतकार इगोर स्ट्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’ या बॅलेच्या ध्वनिमुद्रणांवर कुठे १९११ तर कुठे १९४७ असे साल छापलेले असते, पियानो आणि फुंकवाद्यांसाठीच्या त्याच्या इतर रचनांपुढेही अशीच दोन-दोन साले दिसतात, तर या सुधारणा निव्वळ पैशांसाठी केल्या होत्या का, आणि नव्याने ऐकणाऱ्याने कोणती आवृत्ती निवडावी. पैशांचे कारण खरे आहे, आणि ते लपवण्याचेही काही कारण नाही. परंतु तेवढ्यावर विषय मिटवला, तर या आवृत्त्यांमधली सर्वांत मोलाची गोष्ट हातची निसटते. मूळ रचना आणि सुधारणा यांच्यामध्ये पाव शतकाहून अधिक काळ गेला होता, त्या काळात संगीतकाराचा कान बदलला होता, आणि तो बदल स्वरलिपीच्या पानापानावर उमटला आहे. त्यामुळे कोणती आवृत्ती चांगली, याचा निकाल सरसकट लावता येत नाही, तो प्रत्येक रचनेपुरता वेगळा द्यावा लागतो.

आधी कायद्याची बाजू सांगतो. स्ट्राविन्स्कीने आपल्या गाजलेल्या रचना रशियन नागरिक असताना लिहिल्या. त्या काळी रशिया कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील नव्हता आणि अमेरिकाही नव्हती, त्यामुळे अमेरिकेत त्याच्या संगीताला संरक्षण मिळत नसे. कोणीही ते छापावे, वाजवावे आणि त्याला एक पैसाही देऊ नये, अशी स्थिती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तो अमेरिकेत स्थायिक झाला, डिसेंबर १९४५ मध्ये तेथील नागरिक झाला, आणि त्याच सुमारास बूझी अँड हॉक्स या प्रकाशनसंस्थेने त्याच्या जुन्या रचना ज्यांच्याकडे होत्या त्या संचालक सर्गेई कुसेवित्स्कीच्या प्रकाशनसंस्थेचा संग्रह विकत घेतला. सुधारित आवृत्ती ही कायद्याच्या दृष्टीने नवी कृती ठरते आणि तिच्यावर नव्याने हक्क मिळतो. वयाच्या साठीनंतर, परक्या देशात, ज्या रचनांनी जगभर नाव मिळवून दिले त्यांच्यातून उत्पन्न मात्र मिळत नाही, अशा परिस्थितीत एखाद्या संगीतकाराने हा मार्ग धरला, तर त्यात मला काहीच गैर वाटत नाही.

मात्र नुसता हक्क मिळवायचा असता, तर चार स्वर आणि दोन खुणा बदलूनही भागले असते. ‘पेत्रुश्का’मध्ये त्याने जे केले, ते याच्या कितीतरी पलीकडचे आहे.

ही रचना मुळात पियानोतून जन्मली. स्ट्राविन्स्कीच्या मनात आधी पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची एक मैफिलीची रचना होती, आणि पियानो म्हणजे एकाएकी जिवंत झालेली, वाद्यवृंदाला चिडवणारी कळसूत्री बाहुली, अशी त्याची कल्पना होती. त्या बाहुलीचे पुढे बॅले संस्थेचा प्रमुख दिआगिलेव्ह याच्या आग्रहावरून बॅले झाले आणि १३ जून १९११ रोजी पॅरिसच्या शातले नाट्यगृहात पिएर माँटे यांच्या संचालनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. ज्या प्रसिद्ध स्वरमेळामुळे ही रचना ओळखली जाते, तो सी मेजर आणि एफ शार्प मेजर या दोन वेगळ्या स्वरमेळांच्या एकत्र वाजण्यातून तयार होतो, म्हणजे पियानोवर एक हात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि दुसरा काळ्या पट्ट्यांवर. असे असूनही १९११च्या आवृत्तीत गंमत अशी होते की, पहिल्या दोन प्रवेशांत एवढा पुढे असणारा पियानो उत्तरार्धात जवळजवळ दिसेनासा होतो. १९४७च्या आवृत्तीत स्ट्राविन्स्कीने ही उणीव भरून काढली. शेवटच्या प्रवेशातल्या जत्रेतही त्याने पियानोला काम दिले आणि एकूण वाद्यवृंद मात्र आटोपशीर केला. लाकडी फुंकवाद्ये प्रत्येकी चारांवरून तिनांवर आली, दोन हार्पऐवजी एकच राहिली, आणि पितळी वाद्यांच्या रांगेत दोन ट्रम्पेट व दोन कॉर्नेट (ट्रम्पेटच्याच जातीचे, पण मऊ आवाजाचे वाद्य) यांच्या जागी तीन ट्रम्पेट बसले.

कॉर्नेट जाण्याची किंमत किती मोठी आहे, हे एका जागी नीट ऐकून पाहावे. तिसऱ्या प्रवेशात नर्तकी बाहुली मूर या दुसऱ्या बाहुल्याच्या खोलीत येते आणि बारक्या ढोलाच्या साथीवर नाचते. १९११ मध्ये ती धून कॉर्नेट वाजवतो. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये जो किंचित गोल, किंचित भाबडा, मैदानात वाजायला सोकावलेला पितळी आवाज ऐकू येतो, त्याच घरातला हा आवाज आहे, आणि तो या नर्तकीला शोभतो, कारण ती राजदरबारातली नर्तकी नसून सेंट पीटर्सबर्गच्या जत्रेतली लाकडी बाहुली आहे. १९४७ मध्ये हीच धून ट्रम्पेटकडे गेली. स्वर तेच, लय तीच, वादकही बहुधा तोच, पण आवाजाला कडा आली आणि भाबडेपणा गेला. मला येथे मूळ आवृत्तीच अधिक भावते. उलट सुधारित आवृत्तीतला पियानोचा वाढीव भाग आणि प्रत्येक सूर स्वतंत्रपणे ऐकू येईल अशी स्वच्छ मांडणी या गोष्टी निःसंशय चांगल्या आहेत, आणि कमी वादकांत काम भागत असल्याने पुष्कळ वाद्यवृंद आजही तीच आवृत्ती वाजवतात. तिच्यात मैफिलीसाठी एक ऐच्छिक शेवटही दिलेला आहे, जो पेत्रुश्काचा मृत्यू आणि छपरावर दिसणारे त्याचे भूत हा सारा भाग गाळून दणक्यात संपतो. त्या भुताच्या ट्रम्पेटशिवाय ही रचना अपुरी राहते, असे माझे स्पष्ट मत आहे; संगीतकाराने स्वतः परवानगी दिली असली तरीही.

आपण उल्लेखलेल्या फुंकवाद्यांच्या रचनांपैकी ‘सिम्फनीज ऑफ विंड इन्स्ट्रुमेंट्स’ जेमतेम नऊ-दहा मिनिटांची आहे, पण आवृत्त्यांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध हीच. मार्च १९१८ मध्ये फ्रेंच संगीतकार क्लोद दब्युसीचे निधन झाले. त्याच्या स्मरणार्थ ‘ला रव्ह्यू म्युझिकाल’ या पॅरिसच्या मासिकाने डिसेंबर १९२० च्या अंकासोबत एक संगीत-पुरवणी काढली, जिच्यात राव्हेल, बार्टोक, सॅटी, फाया यांच्या रचना होत्या आणि स्ट्राविन्स्कीचा पियानोसाठीचा एक छोटा कोराल, म्हणजे संथ सामूहिक स्तोत्राच्या वळणाचा तुकडा होता. हाच तुकडा फुंकवाद्यांच्या या रचनेचा शेवट आहे, आणि तो आधी लिहिला गेला. बाकीची रचना त्याच्याकडे जाणारी वाट म्हणून त्यामागून आली. या वाटेवर तीन लयी आहेत, मिनिटाला ७२, १०८ आणि १४४ ठोक्यांच्या. त्यांचे परस्पर प्रमाण दोनास तीनास चार असे येते, त्यामुळे एका लयीतून दुसरीत जाताना सांधा अचूक बसतो, आणि हा सांधा चुकला तर रचना विस्कटते.

१० जून १९२१ रोजी लंडनमध्ये कुसेवित्स्कीने तिचा पहिला प्रयोग केला, तेव्हा ती खरोखरच विस्कटली. कार्यक्रमात आधी पूर्ण वाद्यवृंदाची रचना होती. ती संपल्यावर तंतुवाद्यांचे वादक उठून गेले आणि फुंकवाद्यांचे वादक मात्र मंचाच्या मागच्या बाजूला आपापल्या जागीच बसून राहिले, मध्ये रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्या पलीकडे संचालक. स्ट्राविन्स्कीने आत्मचरित्रात याविषयी तक्रार केली आहे, आणि ती रास्त आहे. ज्या संगीतात एकही गुळगुळीत आवरण नाही, जे पूर्णपणे वादकांच्या परस्परांतल्या नेमकेपणावर उभे आहे, ते इतक्या अंतरावरून हाकता येत नाही. पुढे कित्येक वर्षे या रचनेची संपूर्ण स्वरलिपी छापली गेली नाही. १९२६ मध्ये आर्थर लुरिए याने केलेले पियानोचे रूपांतर तेवढे प्रसिद्ध झाले.

१९४५ मध्ये नभोवाणीवरील एका कार्यक्रमाच्या निमित्ताने स्ट्राविन्स्की परत या रचनेकडे वळला, आणि तोही शेवटच्या कोरालपासूनच. तो ‘सिम्फनी ऑफ साम्स’ या त्याच्याच रचनेच्या जोडीला वाजवायचा होता, आणि त्या रचनेत क्लॅरिनेट नाहीत, म्हणून त्याने कोरालही क्लॅरिनेटवाचून नव्याने बांधला. दोन वर्षांनी संपूर्ण रचनेची सुधारित आवृत्ती २३ वादकांसाठी तयार झाली. मूळच्या मेळातली आल्टो फ्लूट आणि आल्टो क्लॅरिनेट ही मिळायला कठीण असलेली वाद्ये तीत गाळली आहेत, तालखंडांची विभागणी जागोजाग बदलली आहे, आणि जेथे सूर पूर्वी एकमेकांना धरून चालत होते तेथे त्यांना तोडून, सुटे करून लिहिले आहे. १९२० च्या आवृत्तीतला आवाज अधिक मऊ आणि सावळा आहे, त्यात दब्युसीची छाया अजून जाणवते. १९४७ची आवृत्ती दगडी कोरीवकामासारखी कठोर आणि उघडी आहे. मूळ आवृत्ती शोकाच्या जवळची आहे, हे मान्य करूनही माझा कौल सुधारित आवृत्तीला आहे, कारण तीन लयींचा तो सांगाडा तिच्यातच पूर्ण स्पष्ट होतो, आणि अखेरचा कोराल आला की इतका वेळ आपण कशाची वाट पाहत होतो, ते आपोआप कळते. स्ट्राविन्स्कीचा जुना स्नेही आणि मोठा संचालक अर्नेस्ट आन्सरमे याला त्याच्या उत्तरकालीन फेरफारांविषयी आस्था नव्हती, आणि त्याची बाजूही मी समजू शकतो. परंतु या एका रचनेत संगीतकाराला स्वतःच्या कृतीचा मर्मबिंदू उशिरा का होईना, अधिक नेमका सापडला, असे मला वाटते.

‘पियानो आणि फुंकवाद्यांसाठी कॉन्चेर्टो’विषयी फार लिहिण्याची गरज नाही. ही रचना १९२३-२४ मधली, सुधारणा १९५० ची, आणि दोहोंतला फरक नुसत्या कानाला सहसा ओळखू येत नाही, म्हणून हाती येईल ती आवृत्ती निःशंकपणे ऐकावी. येथे ऐकायचा आहे तो मेळच. व्हायोलिन नाहीत, व्हिओला नाहीत, चेलो नाहीत. लाकडी आणि पितळी वाद्ये, टिंपनी, आणि खालच्या अंगाला आधार म्हणून डबल बेस. पियानोचा आवाज उमटताच विरू लागतो आणि फुंकवाद्याचा आवाज श्वास असेपर्यंत टिकतो, या विरोधावर सारी रचना उभी आहे. स्ट्राविन्स्कीने पाच वर्षे ती वाजवण्याचा हक्क स्वतःकडेच ठेवला होता. २२ मे १९२४ रोजी पॅरिसच्या ऑपेरामध्ये पहिल्या प्रयोगात पहिला भाग संपल्यावर दुसऱ्या भागाची सुरुवातच त्याला आठवेना, आणि कुसेवित्स्कीने पहिले स्वर हळूच गुणगुणून त्याला वाट दाखवली. ‘ऑक्टेट’चीही स्थिती अशीच आहे: फ्लूट, क्लॅरिनेट, दोन बासून (खालच्या सुरांची लाकडी फुंकवाद्ये), दोन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, मूळ रचना १९२३ ची आणि सुधारणा १९५२ ची, आणि फरक प्रामुख्याने छपाईतले दोष काढण्यापुरते व खुणा नेमक्या करण्यापुरते.

प्रत्यक्ष ऐकायला सुरुवात करताना ‘पेत्रुश्का’ची १९११ची आवृत्ती आधी घ्यावी. तिचा पहिला प्रयोग करणाऱ्या माँटे यांनीच १९५९ मध्ये बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह तिचे ध्वनिमुद्रण केले आहे, आणि पिएर बुलेझ यांचे क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदासोबतचे मुद्रणही मूळ आवृत्तीचेच आहे. त्यानंतर स्वतः स्ट्राविन्स्कीने १९६० मध्ये कोलंबिया सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेली १९४७ची आवृत्ती ऐकावी, आणि नर्तकीचा नाच व शेवटची जत्रा हे दोन भाग लागोपाठ ताडून पाहावेत. फुंकवाद्यांच्या रचनेत मात्र क्रम उलटा धरावा, म्हणजे सुधारित आधी आणि १९२० ची नंतर, कारण सांगाडा कानात बसल्यावरच मूळ आवृत्तीतला तो मऊ, सावळा रंग खऱ्या अर्थाने ऐकू येतो. ध्वनिमुद्रणावर साल छापलेले नसेल, तर वादकांच्या यादीत आल्टो फ्लूट आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुरते.