युद्धकैदी की युद्धबंदी? आणि ‘माफी दिली’ की ‘क्षमा केली’?

प्रश्न असा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सापडलेल्या एरिक लोमॅक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आयुष्यावर २०१३ मध्ये एक चित्रपट आला होता. त्यावर लिहिताना एका वाचक भगिनीने ‘जपान्यांच्या ताब्यातले युद्धबंदी’ असं लिहिलं. मैत्रिणीने ते खोडून ‘युद्धकैदी’ केलं. ‘शेवटी लोमॅक्सने नागासेला माफी दिली’ हे पुढचं वाक्य मात्र दोघींनाही खटकलं, पण का खटकतंय ते सांगता येईना. (नागासे म्हणजे लोमॅक्सच्या छळाच्या वेळचा जपानी दुभाष्या.)

पहिल्या शब्दाचा निकाल लवकर लागतो. मराठीत ‘युद्धकैदी’च लिहावं. ‘युद्धबंदी’ची व्युत्पत्ती चुकीची नाही, पण ती जागा मराठीत आधीच भरलेली आहे. दारूबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, नोटबंदी या ओळीत बसून ‘युद्धबंदी’ म्हणजे लढाई थांबणं असाच अर्थ आपल्या मनात येतो. ‘सीमेवर युद्धबंदी जाहीर’ हा मथळा वाचून कुणालाही कैदी आठवत नाहीत. हिंदीत लढाई थांबण्याला ‘युद्धविराम’ म्हणतात, त्यामुळे तिथे ‘युद्धबंदी’ हा शब्द माणसासाठी मोकळा राहिला आहे. डब केलेल्या चित्रपटांतून आणि हिंदी बातम्यांतून तो आपल्याकडे तसाच येतो आणि मग ‘युद्धबंदीनंतर युद्धबंदी मायदेशी परतले’ अशी वाक्यं तयार होतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. ‘कैदी’ म्हटलं की गुन्हेगार डोळ्यांपुढे येतो, सैनिकाने तर गुन्हा केलेला नसतो. हे खरं असलं तरी ‘युद्ध’ हे पूर्वपद नेमकं तेच काम करतं. युद्धकैदी शिक्षा भोगत नसतो, त्याला फक्त लढाईपासून दूर ठेवलेलं असतं. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात हा फरक इतका काटेकोरपणे पाळला आहे, की पळून जाताना पकडल्या गेलेल्या युद्धकैद्यालाही फक्त शिस्तभंगाची कारवाई लागू होते, तीसुद्धा जास्तीत जास्त तीस दिवसांची. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडलेले भारतीय हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे साथीदार ग्रेवाल व हरीश सिंहजी ऑगस्ट १९७२ मध्ये एका रात्री रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. अफगाण सरहद्दीच्या अगदी जवळ, लंडी कोतलला त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली आणि तिथेच संशय आला, कारण ते स्टेशन १९३२ पासूनच बंद होतं. तुरुंग फोडणाऱ्या कैद्यावर नवा गुन्हा दाखल होतो. या तिघांच्या पलायनाबद्दल आपण अभिमानाने बोलतो आणि कायद्यालाही त्यात गुन्हा दिसत नाही.

म्हणूनच क्रियापद निवडतानाही जपावं. शिक्षा ‘भोगतात’, तुरुंगवासही ‘भोगतात’. युद्धकैद्याबद्दल लिहिताना ‘कैद सोसली’, ‘कैदेत दिवस काढले’ हे जास्त बरोबर वाटतं. बखरींत यासाठी ‘पाडाव होणे’ हा नेमका प्रयोग होता. अमका सरदार लढाईत पाडाव झाला, म्हणजे शत्रूच्या हाती जिवंत सापडला. आज सरकारचा पाडाव होतो, माणसाचा होत नाही. शब्द जिवंत राहिला, पण नेमका हा अर्थ गेला याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक खबरदारी. लोमॅक्स होता त्या थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या छावणीत छळ झाला म्हणून तिला ‘छळछावणी’ म्हणू नये. तो शब्द मराठीत नाझींनी ज्यूंसाठी आणि इतरांसाठी उभारलेल्या छावण्यांशी बांधला गेला आहे. इथे ‘युद्धकैद्यांची छावणी’ असं सरळ म्हणावं. या छावणीतल्या कैद्यांना जपान्यांनी सयाम (म्हणजे थायलंड)–ब्रह्मदेश रेल्वे बांधायला लावलं होतं, आणि त्या रेल्वेवर आणखीही माणसं राबत होती. १९४२–४३ मध्ये सुमारे ४१५ किलोमीटरचा हा मार्ग जंगल आणि डोंगर कापून टाकला गेला. त्यावर साठ हजारांहून जास्त दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी जुंपले होते, त्यांतले बारा हजारांहून अधिक दगावले. त्याहून कितीतरी जास्त संख्येने मलायातले तमिळ, ब्रह्मी, जावातले मजूर होते आणि मेलेही तेच जास्त. ते सैनिक नव्हते, म्हणून त्यांना युद्धकैदी म्हणता येणार नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे अचूक शब्द आहे, ‘वेठबिगार’. या विषयावरच्या चित्रपटांत ते पाठीमागे धूसर दिसतात. निदान लिहिताना तरी त्यांना त्यांचं नाव द्यावं.

आता खटकलेलं वाक्य.

‘माफी’ हा शब्द अरबी ‘मुआफ’पासून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा गाभा ‘सूट’ हा आहे. कर्जमाफी, करमाफी, फीमाफी, माफीचा साक्षीदार, या सगळ्यांत कुणीतरी वरच्या जागी बसलेला आहे आणि खालच्याचं देणं सोडून देतो आहे. घरगुती बोलण्यात ‘माफ केलं’ इतकं रुळलंय, की तिथे ही उतरंड जाणवत नाही. ‘माफी दिली’ म्हटलं की मात्र दरबार उभा राहतो. राजा माफी देतो, सरकार देतं. दोघींना खटकलं ते हेच.

‘क्षमा’चं कूळ वेगळं आहे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘क्षमूष् सहने’ अशी नोंद आहे, म्हणजे ‘क्षम्’चा मूळ अर्थच सोसणं. सक्षम म्हणजे पेलू शकणारा, अक्षम्य म्हणजे सोसवणार नाही असं. पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हणतात, आणि अमरकोशात या शब्दाचे क्षिती (पृथ्वी) व क्षांती (सहनशीलता) असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत. गीतेच्या तेराव्या अध्यायात अहिंसेला लागूनच ‘क्षांती’ येते. सोसणं आणि क्षमा करणं या आपल्याला दोन गोष्टी वाटतात, या धातूत त्यांचं मूळ एकच आहे.

लोमॅक्सची गोष्ट याच शब्दाची आहे. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा तो पकडला गेला. छावणीत चोरून बनवलेला रेडिओ सापडल्यावर त्याला इतकं मारलं, की दोन्ही हात मोडले. पुढे जपानी लष्करी पोलिसांच्या चौकशीत तोंडात पाणी ओतून छळ झाला. प्रत्येक प्रश्न इंग्रजीत सांगणारा दुभाष्या होता ताकाशी नागासे. मारणारे हात दुसऱ्यांचे होते, पण लोमॅक्सच्या कानात पुढे कित्येक वर्षं राहिला तो या दुभाष्याचा आवाज. नागासेलाही ते विसरता आलं नाही. युद्ध संपताच तो दोस्तांच्या पथकाबरोबर याच मार्गावरच्या थडग्यांचा शोध घेत फिरला, पुढे कांचनाबुरीच्या रेल्वे पुलाजवळ त्याने मंदिर उभारलं. दोघे पुन्हा भेटले ते १९९३ मध्ये, त्याच पुलापाशी. नागासे थरथरत होता, आणि लोमॅक्सने त्याला जपानीत नमस्कार केला. लेखी क्षमेचं पत्र त्याने नंतर जपानमध्ये दिलं. पडद्यावर हा प्रवास पुष्कळ नाट्यमय केला आहे, प्रत्यक्षात तो पत्रव्यवहारातून, फार सावकाश झाला.

याला ‘माफी दिली’ कसं म्हणणार? पन्नास वर्षं ज्याने ते अंगावर वागवलं, त्याने सूट दिली नाही. आणि नागासेने जे केलं ती ‘दिलगिरी व्यक्त करणं’ नव्हती. दिलगिरी कार्यालयं आणि सरकारं व्यक्त करतात, उत्तराची वाट न पाहता. क्षमा मागणारा समोरच्याच्या उत्तरावर स्वतःला सोपवतो. जैन परंपरेतलं ‘खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे’ हे वचन यासाठी मला फार आवडतं. मी सर्व जीवांना क्षमा करतो, सर्व जीवांनी मला करावी. मागणं आणि करणं एकाच दमात, एकाच धातूने.

थोडं व्याकरण. ‘नागासेला क्षमा केली’ बरोबर, ‘नागासेला क्षमा दिली’ टाळावं. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी रूप आहे, ‘क्षमा कर’ एवढाच त्याचा अर्थ, म्हणून ‘आम्ही क्षमस्व आहोत’ ही पाट्यांवरची रचना चूक. आणि तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘जपान्यांच्या कैदेत जे सोसलं ते लोमॅक्स विसरला नाही, पण नागासेला त्याने क्षमा केली.’ ‘पण’ ऐवजी ‘आणि’ घालूनही एकदा वाचून पाहा. मला तेच जास्त पटतं.